गाव आधी, तिकीट नंतर

पोलंड, लिथुआनिया किंवा युक्रेनमध्ये जाऊन ज्यू पूर्वजांचा माग काढायचा बेत बहुतेक वेळा विमानात बसायच्या आधीच फसलेला असतो, कारण गाव चुकलेलं असतं. घरात तीन पिढ्या ‘आपण मिन्स्कचे’ असं ऐकत आलेली असतात, आणि ते अगदी खोटंही नसतं. पण मिन्स्क म्हणजे शहर, की मिन्स्क गुबेर्निया, म्हणजे अख्खा प्रांत? परदेशात कुणी विचारलं की माणूस आपल्या खेड्याचं नाव सांगत बसत नाही, जवळच्या मोठ्या शहराचं सांगून मोकळा होतो. पुढच्या पिढीला तेच शहर मूळगाव वाटतं.

आडनावावरून गाव ओळखायची आपली मराठी सवयही इथे गोत्यात आणते. वार्शाव्स्की हे नाव वॉर्सात राहणाऱ्याला सहसा पडत नाही, तिथे सगळेच वॉर्साचे. ते पडतं वॉर्साहून उठून दुसरीकडे गेलेल्याला. शिवाय ही आडनावं फार जुनी नाहीत. ऑस्ट्रियाच्या राज्यात ती १७८७ च्या हुकमाने सक्तीची झाली, रशियन साम्राज्यात १८०४ च्या कायद्याने आणि काँग्रेस पोलंडमध्ये, म्हणजे रशियाच्या छत्राखालच्या पोलिश राज्यात, १८२१ मध्ये. त्याआधी ‘यांकेलचा मोशे’ एवढंच. म्हणून अठराव्या शतकात आडनाव शोधत बसण्यात अर्थ नाही; तिथे बापाचं नाव आणि गाव यांवरच पुढे सरकावं लागतं.

गाव सापडतं ते बहुधा कुटुंब जिथे जाऊन पोहोचलं त्या देशाच्या कागदात. अमेरिकेत गेलेल्यांच्या बाबतीत सप्टेंबर १९०६ नंतरचे नागरिकत्वाचे अर्ज सर्वांत कामाचे, कारण त्यांत जन्मगाव विचारलेलं असतं. १९०७ पासूनच्या जहाजांच्या प्रवासी याद्यांत मागे राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि पत्ता असतो, आणि तो पत्ता बहुतेकदा थेट गावावर नेऊन सोडतो. हॅम्बुर्ग बंदरातून सुटलेल्यांच्या १८५० ते १९३४ च्या याद्या शिल्लक आहेत, ब्रेमेनच्या जवळजवळ सगळ्या गेल्या. परदेशातल्या दफनभूमीत पूर्वज कुठल्या मंडळाच्या जागेत पुरला आहे तेही पाहावं. एकाच गावाहून आलेल्यांनी स्थापन केलेली अशी मंडळं आपल्या माणसांसाठी दफनाची जागा एकत्र विकत घेत, आणि गावाचं नाव अनेकदा तिथल्या कमानीवरच कोरलेलं असतं. एक गैरसमज मात्र इथेच सोडून द्यावा: न्यूयॉर्कच्या एलिस आयलंड या स्थलांतरितांच्या तपासणी नाक्यावरच्या कारकुनाने आडनाव बदललं, हा. तो कारकून युरोपातल्या बंदरात तयार झालेली यादी समोर ठेवून नुसती पडताळणी करत होता. नावं बदलली ती बहुतेक लोकांनी नंतर, स्वतःच्या सोयीने.

गावाचं नाव हाती आलं तरी ते यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या बोलीतल्या उच्चारात असण्याची शक्यता मोठी. ओश्पित्सिन म्हणजे ओश्व्येंचिम, सान्झ म्हणजे नोव्ही सोंच, राइशे म्हणजे झेशुफ, गेर म्हणजे गुरा काल्वार्या, ब्रिस्क म्हणजे आज बेलारूसमध्ये असलेलं ब्रेस्ट. लेंबर्ग, ल्वुफ, ल्वोव आणि ल्विव्ह ही एकाच शहराची चार नावं, राज्य बदलेल तशी. उलट ओझारुफ आणि ओझोर्कुफ ऐकायला सारखी वाटतात, पण ती दोन वेगळी गावं, एकमेकांपासून बरीच लांब. जूइशजेन या ज्यू वंशावळींच्या संकेतस्थळावरच्या गावकोशात उच्चारावरून शोधता येतं, आणि प्रत्येक गावापुढे ते कोणत्या वर्षी कोणत्या देशात आणि कोणत्या जिल्ह्यात होतं तेही दिलेलं असतं. हा तक्ता वहीत उतरवून घ्या. पुढचं सगळं काम त्यावर उभं राहतं, कारण नोंद कोणत्या भाषेत, कोणत्या साच्यात आणि कोणत्या इमारतीत मिळेल हे गावावर त्या वेळी राज्य कुणाचं होतं त्यावर ठरतं.

काँग्रेस पोलंडच्या मुलखात १८०८ पासून नेपोलियनच्या पद्धतीच्या नोंदी आहेत, म्हणजे रकाने नाहीत, सलग परिच्छेद. १८२५ पर्यंत ज्यूंच्या नोंदी कॅथलिक पाद्र्याकडच्या वहीत सगळ्यांबरोबरच आहेत, १८२६ पासून त्यांची वेगळी वही. ज्यूंची वेगळी वही सापडली नाही म्हणून १८१५ ची नोंदच नाही असं समजणारे पुष्कळ. १८६८ च्या सुमारास भाषा पोलिशची रशियन होते. भाषा येत नाही म्हणून मात्र घाबरू नये, कारण साचा ठरलेला आहे: आधी तारीख आणि गाव, मग हजर झालेल्या बापाचं नाव, वय, धंदा, मग दोन साक्षीदार, मग बाळ कधी जन्मलं ते, आईचं नाव माहेरच्या आडनावासह, आणि शेवटी बाळाचं नाव. आकडे अक्षरांत लिहिलेले असतात. दोन-तीन डझन शब्द पाठ केले की माणूस पानं चाळू लागतो. तारखा जोडीने येतात, एक ज्युलियन आणि एक ग्रेगरियन. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यात १२ दिवसांचं अंतर, १९०० नंतर १३. आणि ‘नोंदवल्याची तारीख’ म्हणजे ‘जन्माची तारीख’ नव्हे. एकाच दिवशी पाच, तीन आणि एक वर्षाची तीन भावंडं नोंदवणारा बाप या वह्यांत नेहमी भेटतो.

गॅलिशिया, म्हणजे ऑस्ट्रियाच्या ताब्यातला भाग, तिथे रकाने आहेत आणि वाचायला सोपं आहे, पण सापळा वेगळा. ज्यू जोडपी धार्मिक विधीने लग्न करत आणि सरकारदरबारी नोंदवत नसत. सरकारच्या लेखी मग ती मुलं अनौरस, आणि त्यांना आईचं आडनाव. बापाचं नाव असलंच तर शेराच्या रकान्यात. म्हणून एकाच घरातली चार मुलं दोन आडनावांनी सापडतात, आणि आडनावांमध्ये ‘रेक्टे’, ‘फाल्स’, ‘वेल’ असे लॅटिन शब्द येतात. ‘रेक्टे’नंतरचं नाव सरकारमान्य, ‘फाल्स’नंतरचं वापरातलं पण सरकारला नामंजूर, ‘वेल’ म्हणजे ‘किंवा’. पंचवीस वर्षं संसार झालेल्या जोडप्याची लग्ननोंद अचानक १९०० च्या आसपास दिसली तर चक्रावून जाऊ नका. कुणाला तरी वारसा हवा होता, पासपोर्ट हवा होता किंवा मुलांना बापाचं नाव द्यायचं होतं. गॅलिशियाच्या नोंदीत घर क्रमांक असतो. तो जपून ठेवा, त्याचा उपयोग पुढे येतो.

खुद्द रशियन साम्राज्यात, म्हणजे आजच्या लिथुआनिया, बेलारूस आणि युक्रेनच्या बऱ्याच भागांत, ज्यूंच्या जन्ममृत्यूच्या अधिकृत वह्या १८३५ पासून. एका बाजूला रशियन, दुसऱ्या बाजूला हिब्रू. दोन्ही बाजू वाचा. हिब्रू बाजूला नाव पूर्ण असतं आणि रशियन बाजूला बोलीतलं. मुलींच्या नोंदी खूप गळाल्या आहेत. १८३५ च्या आधीसाठी आणि पुढे १८५८ पर्यंत ‘रेव्हिजन’च्या याद्या, म्हणजे करासाठी केलेली शिरगणती: १७९५, १८११, १८१६, १८३४, १८५० आणि १८५८. पैकी १८११ मध्ये फक्त पुरुष मोजले. कोण मेला, कोण सैन्यात गेला, कोण पळाला तेही या याद्या सांगतात. इथे सर्वांत जास्त चकवणारी गोष्ट अशी की कुटुंब नोंदलेलं एका गावात आणि राहतं दुसऱ्याच. आजोबांनी ओश्म्यानी सोडून तीस वर्षं झाली तरी विल्नामध्ये, म्हणजे आजच्या विल्नियसमध्ये, जन्मलेल्या नातवाच्या नोंदीत ‘ओश्म्यानीचा रहिवासी’ असंच लिहिलेलं असतं. म्हणजे विल्नाच्या एका कागदाने त्याआधीचं गाव फुकटात मिळतं.

लिपीचाही एक घोळ आहे. रशियनमध्ये ‘ह’ नाही, त्याच्या जागी ‘ग’ येतो. हेलर तिथे गेलर होतो, होरोवित्स गुरविच होतो, हिर्श गिर्श होतो. डाइच-मोकोटॉफ साउंडेक्स ही उच्चारावरून नावं जुळवणारी शोधपद्धत १९८५ मध्ये अशाच नावांसाठी तयार झाली. ज्या संकेतस्थळावर ती आहे तिथे नेहमी तीच निवडा.

आता वही कुठे आहे? सहलींचं खरं वाटोळं होतं ते इथे. गाव एका देशात आणि वही दुसऱ्या. पूर्व गॅलिशिया आज युक्रेनमध्ये आहे, पण तिथल्या ज्यू नोंदवह्यांचा मोठा साठा वॉर्सातल्या आगाद या मध्यवर्ती ऐतिहासिक दफ्तरखान्यात आहे, आणि बाकीच्या ल्विव्हला. २०२२ पासून युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद आहे आणि जमिनीवर धोका आहेच, त्यामुळे या भागाचं काम करणाऱ्याने आधी वॉर्सा आणि ऑनलाइन स्कॅन संपवावेत. दुसरी बाजूही माहीत असू द्या: ‘सगळं जळलं’ हे उत्तर फार स्वस्तात दिलं जातं. वॉर्सा शहरापुरतं ते बरंचसं खरं आहे, पण लहान गावांच्या वह्या कितीतरी ठिकाणी शाबूत आहेत.

जेआरआय-पोलंड, गेशर गॅलिशिया आणि लिटव्हॅकसिग या तिन्ही संस्थांनी सूची केलेल्या आहेत आणि पोलंडच्या सरकारी दफ्तरांचे स्कॅन ‘शुकाय व अर्खिवाख’ या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. जे घरी बसून मिळतं त्यासाठी वाचनकक्षात दिवस घालवू नका. एरवीही ते जमणार नाहीच: स्कॅन झालेल्या वहीचं मूळ पान पोलंडमध्ये सहसा हातात देत नाहीत. प्रत्यक्ष जायचं ते स्कॅन न झालेल्या गोष्टींसाठी, आणि त्यांत माझ्या मते पहिला मान रहिवासी नोंदवह्यांचा, ‘क्शेंगी लुद्नोश्ची’चा. यात घरागणिक पान असतं, त्यावर कुटुंबातला प्रत्येक जण, जन्मतारीख, आईबाप, आधीचं गाव, आणि सोडून गेला असेल तर कधी. कायमचे रहिवासी एका वहीत, तात्पुरते दुसऱ्या. तात्पुरत्यांची वही मागायला लोक विसरतात. त्याखालोखाल नोटरीचे दस्त. हुंडा, भाडेकरार, भावाभावांतली वाटणी, सगळं त्यांत, शेवटी हिब्रू लिपीत सहीसुद्धा. दस्तांना वेळ लागतो: एका नोटरीचं एक वर्ष चाळायला अर्धा दिवस धरा.

जन्माला १०० वर्षं आणि लग्न किंवा मृत्यूला ८० वर्षं झालेली नसतील तर वही दफ्तरखान्यात नसतेच, ती गावच्या नागरी नोंदणी कार्यालयात असते. तिथे नातं सिद्ध करावं लागतं: तुमच्यापासून त्या माणसापर्यंत प्रत्येक पायरीचा जन्मदाखला, आणि जिथे आडनाव बदललं तिथला लग्नाचा दाखला, शपथबद्ध अनुवादकाकडून पोलिशमध्ये करून. मागताना ‘ओद्पिस झुपेव्नी’ म्हणजे पूर्ण उतारा मागा. ‘स्क्रुत्सोनी’ हा आखूड दाखला मागितला तर नेमके शेरे गळतात.

दफ्तरखान्यात जायच्या दोन-तीन आठवडे आधी ईमेल करावी, आणि ती ‘कोहेन कुटुंबाबद्दल माहिती हवी’ अशी नसावी. दप्तराचं नाव, क्रमांक, वर्षं एवढंच लिहा. वही दुरुस्तीला किंवा स्कॅनिंगला गेली असेल तर तेव्हाच कळतं. दिवसाला किती वह्या मिळतील यावर मर्यादा असते आणि कोठार दुसऱ्या इमारतीत असेल तर आज मागितलेलं उद्या येतं. पोलंडच्या सरकारी दफ्तरांत स्वतःच्या कॅमेऱ्याने, फ्लॅश न वापरता फोटो काढायला पैसे पडत नाहीत. फोटोंचा क्रम पाळा: आधी वहीचं मुखपृष्ठ आणि क्रमांक, मग पूर्ण पान, मग नोंद जवळून. फक्त नोंदीचा फोटो घेणाऱ्याला महिनाभराने तो कुठला हे सांगता येत नाही. वर्षाच्या शेवटी नावांची सूची असते. तिच्यात नाव नाही म्हणजे नोंद नाही असं नव्हे, कारकून गाळतातही.

अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यू घरांत मुलाला जिवंत माणसाचं नाव ठेवत नाहीत, वारलेल्याचं ठेवतात. त्यामुळे १८७९ ते १८८२ मध्ये चार चुलतभावंडांत चार अव्राम जन्मले असतील तर आजोबा अव्राम १८७९ च्या थोडं आधी गेले असं समजून त्या दोन-तीन वर्षांच्या मृत्यूनोंदी चाळाव्यात. स्पेनमधून आलेल्या सेफार्दी घरांत मात्र जिवंत आजोबांचंच नाव नातवाला देतात, तिथे हा हिशेब उलटा पडतो.

दफनभूमीसाठी एप्रिल किंवा नोव्हेंबर, झाडांना पानं नसतात तेव्हा. जूनमध्ये खाज आणणाऱ्या आणि काटेरी झुडपांच्या रानात थडगं दोन फुटांवरूनही दिसत नाही, आणि गोचिडी असतात. त्यांच्यापासून लाइम रोग आणि मेंदूज्वर दोन्ही होतात, म्हणून लांब विजार, मोज्यांत खोचलेली. फाटकाला कुलूप असेल तर किल्ली बहुधा शेजारच्या घरी किंवा नगरपालिकेत, आणि फोन नंबर फाटकावर. शनिवारी आणि ज्यू सणांना आत जाता येत नाही. पुरुषांनी डोकं झाकावं. कोहेन, म्हणजे पुरोहित घराण्यातल्या पुरुषांनी थडग्यांजवळ जाऊ नये असा नियम आहे, त्यामुळे कुटुंबात तशी परंपरा असेल तर फोटो काढायला दुसरा माणूस बरोबर हवा.

नवरा-बायको शेजारी असतील अशी अपेक्षा नको. बहुतेक जुन्या दफनभूमीत पुरुष वेगळे, बायका वेगळ्या, मुलं वेगळी, आणि ओळी मृत्यूच्या क्रमाने. म्हणून मृत्यूचं साल माहीत असेल तर शोध सोपा होतो: आसपासच्या दगडांवरची सालं वाचत पुढे-मागे जायचं. आडनाव पुष्कळ दगडांवर नसतंच. ‘पे-नून’ ही दोन अक्षरं वर, म्हणजे ‘इथे पुरलं आहे’. मग स्वतःचं नाव आणि बापाचं. बापाचं नाव हीच या दगडाची खरी कमाई, एक पिढी मागे नेणारी. आशीर्वाद देणारे दोन पंजे म्हणजे कोहेन, पाण्याची झारी म्हणजे लेवी, पुरोहितांच्या सेवेकरी घराण्यातला, मेणबत्त्या बाईच्या, तुटलेलं झाड अकाली मृत्यूचं. सिंह येहुदा-लेबचा असू शकतो, हरीण त्स्वी-हिर्शचं. कागदावरचा हिर्श दगडावर त्स्वी असतो, बेर दगडावर दोव असतो. दोन माणसं समजू नका.

साल अक्षरांत असतं आणि हजार गाळलेले. ताव ४००, रेश २००, नून ५०, गिमेल ३, म्हणजे ६५३. त्यात १२४० मिळवा: १८९३. महिना तिश्री, हेश्वान किंवा किस्लेव असेल तर एक वजा, कारण हिब्रू वर्ष शरदात सुरू होतं. पंधरा आणि सोळा हे आकडे १०+५, १०+६ असे लिहीत नाहीत, ९+६ आणि ९+७ असे लिहितात. झिजलेल्या दगडावर ‘हे’ आणि ‘हेत’ सारखेच दिसतात आणि साल तीनने चुकतं.

वाचायला प्रकाश तिरका हवा. उत्तरेकडे तोंड असलेल्या दगडावर ऊन फारसं पडत नाही, तिथे फूटभर लांबीचा आरसा किंवा चंदेरी पत्रा घेऊन ऊन बाजूने फिरवायचं. साधं पाणी आणि मऊ ब्रश चालतो. खडू, पीठ, दाढीचा फेस, तारेचा ब्रश यांतलं काहीही नको. वालुकाश्म त्याने कायमचा खराब होतो. पडलेला दगड स्वतः उचलू नका. तो शेकडो किलोंचा असतो, आणि थडग्याच्या जमिनीला धक्का लावणं धर्माला मान्य नाही. पुष्कळ गावांत दफनभूमी आहे पण दगड नाहीत: जर्मनांनी ते रस्त्यांना आणि अंगणांना फरशी म्हणून वापरले. त्यांतले काही परत आणून भिंतीत बसवले आहेत, तेव्हा दगडाच्या जागेवरून थडग्याची जागा ठरवता येत नाही.

गावात पोहोचल्यावर आधीचा घर क्रमांक बाहेर काढा. तो आजचा पत्ता नव्हे, मधे क्रमांक बदललेले असतात. गॅलिशियाच्या अनेक गावांचे एकोणिसाव्या शतकातले जमिनीचे नकाशे उपलब्ध आहेत. गेशर गॅलिशियाने त्यांतले बरेच ऑनलाइन ठेवले आहेत. घर क्रमांकाची यादी आणि नकाशा जुळवून आजच्या उपग्रह चित्रावर टेकवला की निदान बाजारचौकाची बाजू आणि गल्ली निश्चित होते. आणि त्या घराचं दार वाजवताना हातात जुना फोटो असावा, सरकारी कागद नव्हे. रहिवाशांना एकच भीती असते, हे लोक घर परत मागायला आलेत. घर नको आहे हे पहिल्याच वाक्यात, पोलिशमध्ये, सांगून टाका. त्याहून चांगलं म्हणजे आधी गावच्या वाचनालयात किंवा शाळेच्या इतिहासशिक्षकाकडे जाणं. अशा लहान गावांत जुन्या सिनेगॉगचं काय झालं, दगड कुठे गेले, हे सांगणारा एक माणूस बहुधा असतोच.

युद्धकाळाबद्दल एकच व्यावहारिक सूचना. पोलिश घेट्टोंमधून बेल्झेत्स, सोबिबोर आणि त्रेब्लिंका या मृत्युछावण्यांत नेलेल्यांच्या नावांच्या याद्या नाहीत. त्या केल्याच गेल्या नाहीत. तिथे जाऊन यादी मागू नका. पूर्वेकडच्या गावांत तर लोकांना गावाबाहेरच गोळ्या घातल्या. त्या जागांचा नकाशा याहाद-इन उनुम या संस्थेने साक्षींवरून केला आहे. नावं शोधायची तर जेरुसलेमच्या याद वाशेम या स्मारकसंस्थेच्या साक्षपत्रांत. प्रत्येक पत्रावर ते भरणाऱ्याचं नाव आणि मृताशी नातं असतं, आणि हरवलेली शाखा कितीतरी वेळा तिथूनच सापडते. वाचलेल्यांची युद्धानंतरची नोंदणीपत्रं वॉर्साच्या ज्यू इतिहास संस्थेत, आणि जर्मनीतल्या आरोल्सेन दफ्तरात सुमारे १.७५ कोटी लोकांचे उल्लेख आहेत.

तारखा ठरवताना दोन पंचांगं बघा. सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या मोठ्या ज्यू सणांत ज्यू संस्था बंद, मार्च-एप्रिलमध्ये पेसाह सणाचा आठवडा. पोलंडची दफ्तरं १ आणि ३ मे, १५ ऑगस्ट, ११ नोव्हेंबरला बंद. १ नोव्हेंबरला सगळा देश आपापल्या कबरींवर जातो, रस्ते आणि गाड्या तुडुंब, तो आठवडा टाळाच. आणि पाच दिवसांत सात गावं असा बेत कुणी आखून दिला तर तो मोडा; एका गावाला दोन दिवस हवेत. क्रम असा ठेवा: आधी दफ्तर, मग गाव आणि दफनभूमी, आणि परतीच्या आदला दिवस पुन्हा दफ्तरासाठी मोकळा. दगडावर वाचलेलं बापाचं नाव घेऊन त्या दिवशी तुम्ही ती वही मागाल, जिचा क्रमांक पहिल्या दिवशी मागायचं कारणच नव्हतं.